रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या मंडळाची सभा बुधवारी दुपारी तीन वाजता भरते. पहिल्या वर्षी कोणीतरी रविवार सुचविला होता, हे जुन्या सभासद भगिनींना आठवत असेल. त्या वेळी हात वर झाले ते दोनच. बाकी सगळ्याजणी हसल्या. रविवारी मुले घरी, माणसे घरी, पाहुणेही त्याच दिवशी यायचे, आठवड्याचे दळण, चादरी-अभ्रे धुणे, माळ्यावरचे डबे पुसणे हे सारे त्याच दिवसासाठी राखून ठेवलेले. रविवारी बायकांना कुठली सवड? म्हणून बुधवार ठरला तो आजतागायत.

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे चिटणीसताईंनी मला सांगितले, तेव्हा मला हीच गोष्ट आठवली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर माझ्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्या भगिनी मंडळात आहेत. मी विचार करू लागले की हा रविवार आला तरी कोठून? आपल्या आजे-पणज्यांच्या गावी रविवारची सुट्टी नव्हती. ती कोणी आणली हे शोधता शोधता ज्यांचे नाव मिळाले ते गृहस्थ आपल्या ठाण्यातच जन्मले होते, याचे मला फार नवल वाटले. ते म्हणजे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. घरची परिस्थिती बेताची. ते पाच वर्षांचे असताना, १८५३ च्या १६ एप्रिलला, बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली उतारूंची आगगाडी धावली. ज्या मुलाने पुढे गिरणीकामगारांसाठी जन्म वेचला, त्याच्या गावात नवे युग असे धूर काढीत आले. दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. १८६५ साली मुंबईत दहा गिरण्या होत्या. १८९० साली त्या सत्तरच्या आसपास गेल्या आणि त्यांत साठ हजारांच्या घरात माणसे काम करू लागली. लोखंडे यांचे सारे आयुष्य या वाढीच्या काळातच गेले.

शिक्षण झाल्यावर त्यांनी प्रथम रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली. नंतर ते मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर म्हणजे ना साहेब ना मजूर. खुर्चीवर बसायचे, पण खात्यात जा-ये असायची. त्यामुळे गिरणीत काय चालते ते त्यांना रोज डोळ्यांनी दिसे.

काय दिसत असेल, ते थोडे सांगते. कोकणातून, साताऱ्याकडून, पुण्याच्या घाटावरून माणसे गिरणीत आली ती शेतकरी होती. शेतकऱ्याच्या कष्टाला अंत नसतो हे खरे, पण त्याच्या कामाला ऋतू असतो. पेरणी-कापणीला पाठ मोडते, मग चार दिवस सैल जातात. अमावास्येला नांगर धरायचा नाही, पोळ्याला बैल जुंपायचा नाही, अशी वळणे होती. गिरणीला ऋतू नाही. त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास, थंडीत दहा-अकरा. मध्ये जेवायला धड सुट्टी नाही. साचा चालू ठेवून एका हाताने भाकरी खायची. मोठ्या सणांना गिरणी बंद असे. पण आठवड्याची अशी सुट्टी नाही, आणि गिरणी जेव्हा बंद असे त्याही दिवशी यंत्रे साफ करायला अर्धा दिवस बोलावीत. पगार महिना संपला की हातात पडेल असे नाही. पुढचा महिनाही बराचसा निघून जाई, आणि तोवर वाण्याकडची उधारी व्याजासकट वाढत राही. एक दिवस खाडा झाला तर काही ठिकाणी दोन दिवसांचा पगार कापीत. सात-आठ वर्षांची पोरेसुद्धा कामाला असत. पट्ट्यात हात सापडला तर माणूस घरी बसे आणि दुसरा त्याच्या जागी उभा राही.

बायकाही होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हत्या. दर चार-पाच कामगारांत एक बाई असे. त्या बहुधा रीळ खात्यात किंवा कांड्या भरण्याच्या कामावर. तेथे पगार वजनावर, म्हणजे जेवढे काम तेवढे पैसे. त्यामुळे पुष्कळ बायका पुरुषांच्या मागून कामावर येत आणि थोड्या आधी निघत, असे त्या काळच्या सरकारी चौकशांत नोंदलेले आहे. का, ते मला कोणी सांगायला नको. पहाटेची चूल पेटवून, माणसाची भाकरी बांधून देऊनच ती बाई बाहेर पडणार, आणि संध्याकाळी तो यायच्या आत पुन्हा चुलीपाशी हजर. पुरुष गावात शेतकरी होता, येथे कामगार झाला. बाई गावात शेत आणि चूल पाहात होती, येथे गिरणी आणि चूल पाहू लागली. तान्हे मूल असले तर त्याला अफूची बाळगोळी चारून निजवीत आणि कामावर जात. ही गोष्ट जुन्या काळापुरती नव्हती. १९२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी गिरणगावात चौकशी केली, तेव्हाही त्यांना घरोघर हेच आढळले. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण त्या आयांना नावे ठेवण्याचा अधिकार मला वाटत नाही. घरी ठेवायला माणूस नाही, आणि मुलाला बरोबर न्यावे तर खात्यात सुताचा कचरा नाकातोंडात जायचा.

लोखंडे १८७४ साली महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात आले. त्याच्या आदल्याच वर्षी जोतीरावांनी तो पुण्यात स्थापन केला होता. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यास १८७७ साली काढलेले दीनबंधु नावाचे साप्ताहिक पैशाअभावी चालेना, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणले आणि पुढे नोकरी सोडून त्यालाच वाहून घेतले. नोकरदार माणसाने महिन्याचा पगार सोडून वर्तमानपत्र चालवायला घ्यावे, यात त्यांच्या घरच्या माणसांचे काय झाले असेल याचा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. चरित्रांतून हे कोणी लिहीत नाही.

थोर पुरुषाचे सगळेच गोड सांगावे असे नाही, म्हणून हेही सांगते. जोतीरावांचा शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ दीनबंधुमध्ये छापू लागल्यावर लोखंडे मध्येच कचरले. भाषा फार जहाल आहे, सरकारची गैरमर्जी होईल, असे त्यांना वाटले असावे. छापणे थांबले आणि जोतीराव त्यांच्यावर फार संतापले. तरी दोघांचे काम एकाच दिशेने चालू राहिले.

आता मुख्य कथेकडे येते. १८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढेच ठरले. मोठ्या माणसांचा व बायकांचा त्यात विचारच नव्हता. विलायतेत यापूर्वीच, १८४७ साली, बायका व किशोरवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा झालेला होता. येथे कायदा करावा असा आग्रह मँचेस्टरचे कापडवालेही धरीत होते, पण तो आपल्या मजुरांच्या दयेपोटी नव्हे. मुंबईचे स्वस्त कापड त्यांच्या मालाला भारी पडू लागले होते म्हणून. त्यामुळे गिरणीमालक आणि आपली बरीचशी देशी वर्तमानपत्रे कायद्याच्या विरुद्ध उभी राहिली. देशी धंदा बुडवण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते अगदीच खोटेही नव्हते. पण या साऱ्या वादात जो राबत होता त्याला काय हवे हे कोणी विचारले नव्हते. लोखंडे यांनी ते विचारले.

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात परळला त्यांनी गिरणीकामगारांच्या दोन सभा भरविल्या. साडेपाच हजारांवर कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. बहुतेकांना लिहिता येत नव्हते, तेव्हा अंगठेच जास्त असतील असे मला वाटते. मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची काही सोय करावी. आज वाचताना वाटते, एवढेच मागितले? पण त्या वेळी हेही फार झाले, असे म्हणणारेच पुष्कळ होते. याच सुमारास त्यांनी मुंबई गिरणी कामगार संघ काढला. आपल्या देशातील गिरणीकामगारांची ही पहिली संघटना मानतात. तिच्याकडे ना वर्गणीचा फंड होता, ना सभासदांचे रजिस्टर. पुढे सरकारी अहवालांतून या गोष्टीवर टीका झाली. आमच्या मंडळाचेही रजिस्टर पहिली दोन वर्षे एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर होते, तेव्हा मला त्याचे विशेष काही वाटले नाही.

सहा वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. मग १८९० साली २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. या सभेत दोन गिरणीकामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्यांची नावे कोठेही मिळत नाहीत. आपल्या मंडळात आभाराचे दोन शब्द बोलायला उठताना आमचे पाय लटपटतात. दहा हजार पुरुषांपुढे, माईक नसताना, त्या कशा बोलल्या असतील? त्यांना उभे करणाऱ्या लोखंड्यांचे मोठेपण आहेच, पण अधिक मोठेपण त्या दोघींचे. या सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १८९० च्या १० जूनला मालकांनी दर रविवारी गिरण्या बंद ठेवण्याचे मान्य केले.

रविवारच का, याविषयी जुन्या कामगारांच्या तोंडी एक गोष्ट आहे. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरच्या पुष्कळ घरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणून तो वार देवासाठी मोकळा असावा, असे लोखंड्यांनी पुढे मांडले, असे सांगतात. साहेबाचाही देवळात जाण्याचा वार तोच. मला यात त्यांची मोठी हुशारी वाटते. यंत्र नवे, भोंगा नवा, घड्याळाचा हिशेब नवा, पण भोंग्यावर धावणाऱ्या माणसाच्या मनातला देव जुनाच आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी नवी मागणी जुन्या वारावर नेऊन बसविली आणि ती माणसांना आपली वाटली.

त्याच वर्षी सरकारने पुन्हा चौकशी आयोग नेमला, तेव्हा मुंबईतील कामासाठी लोखंडे यांना त्यात साहाय्यक म्हणून घेतले. त्यानंतर १८९१ साली सुधारलेला कायदा झाला. आठवड्याची एक सुट्टी कायद्याने आली. बायकांचे काम अकरा तासांपेक्षा जास्त असू नये व त्यांना दीड तास विसावा मिळावा, रात्री आठपासून पहाटे पाचपर्यंत त्यांना कामावर ठेवू नये, नऊ वर्षांखालील मुलांना घेऊ नये, असे ठरले. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही. लोखंडे गेल्यावर काही वर्षांनी, १९०५ च्या सुमारास, गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिव्यांमुळे सुख व्हावे की नाही? तर उलट सूर्य मावळला तरी काम थांबेना आणि कित्येक गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ साल उजाडावे लागले. सुधारणेचे हे असेच असते. एका हाताने देते आणि दुसऱ्याने काढून घेते.

आता माझ्या घरचे थोडे सांगते, ते विषयाला सोडून नाही. माझे सासरे लालबागला गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या १८ जानेवारीला जो मोठा संप सुरू झाला त्यात ते घरी बसले ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत, आणि आम्ही लोक ठाण्याला आलो. सासूबाई तेव्हा खोलीवर खानावळ चालवीत. गावाकडचे दहा-बारा जण एका गाळ्यात राहायचे आणि दोन्ही वेळ जेवायला यांच्याकडे. इतर दिवशी पाळ्या वेगळ्या, त्यामुळे जेवणारे निरनिराळ्या वेळी यायचे. रविवारी सगळे एकदम घरी. त्या दिवशी मटण हवे, वाटण पाट्यावर, भाकऱ्या दुप्पट, आणि जेवणे उरकेपर्यंत चार वाजत. रविवार म्हटले की अजूनही त्यांचा खांदा दुखतो. लोखंड्यांनी मिळविलेल्या सुट्टीचे मी त्यांना मोठ्या कौतुकाने वाचून दाखविले, तर त्यांनी एवढेच विचारले की रविवार ठरला तेव्हा खानावळवालीला कोणी विचारले होते का. मी काय उत्तर देणार? गिरणीत राबणाऱ्या बाईचे तास मोजायला सरकार आले, आयोग आला. चुलीजवळचे तास मोजायला कोणी आले नाही. लोखंड्यांना याचा दोष देता येणार नाही, त्यांच्या काळी हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पण आपण तो आपसांत तरी बोलावा.

बायकांच्या दुःखाकडे त्यांचे लक्ष नव्हते असे मात्र मुळीच नाही. ज्या वर्षी रविवार मिळाला त्याच १८९० साली त्यांनी मुंबईतील नाभिक बांधवांची सभा भरविली. त्या काळी उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की बाईचे केशवपन करीत, मग ती दहा-बारा वर्षांची पोर का असेना. गिरण्या आल्या, रेल्वे आली, तारायंत्र आले, पण माजघरातला वस्तरा काही हलला नव्हता. विधवांचे केस यापुढे आपण कापणार नाही, असे शेकडो नाभिकांनी या सभेत ठरविले. हातावर पोट असणाऱ्यांनी स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून हे केले, हे लक्षात घ्यावे. याची वार्ता विलायतेपर्यंत गेली आणि तिकडच्या स्त्रियांनी लोखंडे यांना आभाराचे पत्र पाठविले. हा प्रश्न शास्त्रीपंडितांच्या वादात वर्षानुवर्षे घोळत पडला होता. लोखंडे यांनी शास्त्रार्थ केला नाही, ज्याच्या हातात वस्तरा त्याच्याशीच बोलले.

सगळेच असे हलले नाही, हेही लिहिले पाहिजे. गिरणीत एका छपराखाली सगळ्या जाती आल्या तेव्हा जातिभेद आपोआप जाईल असे पुष्कळांना वाटे. तसे झाले नाही. साचेखात्यात पगार अधिक, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाचे उष्टे दुसऱ्याला चालत नसे. पाण्याचे पिंपही वेगळे. लोखंडे यांना जाऊन तीस वर्षे झाल्यावर, १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हाच प्रश्न पुन्हा मांडावा लागला. विलायतेहून यंत्र आणता येते, त्याला कोणी हात लावावा हे ठरविणारे मन इथलेच होते. माझे सासरे याविषयी फारसे बोलत नाहीत. त्यांच्या वेळेपर्यंत ते संपले होते, एवढेच म्हणतात. गावच्या गाळ्यात कोणाला घेत आणि कोणाला नाही, हे विचारले की विषय बदलतात.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांची भयंकर दंगल झाली. गिरणगावातले लोकही तीत ओढले गेले. जे काल एका खात्यात शेजारी उभे होते ते एकमेकांवर धावले. अशा वेळी घरात बसणे सोपे असते. लोखंडे यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या कामगारांचा प्रचंड मेळावा भरविला आणि हजारो माणसे तेथे सलोख्यासाठी एकत्र आली. पुढे सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केले व रावबहादूर ही पदवी दिली. पदवी मिळाली तरी त्यांचे काम गिरणगावातच राहिले.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातच त्याची सुरुवात झाली, जेथे लोखंडे यांनी स्टोअरकीपर म्हणून काम केले होते. भीतीने लाखो लोक शहर सोडून गावी पळाले. गिरण्या ओस पडू लागल्या, आणि ज्या माणसांना वर्षानुवर्षे कोणी किंमत दिली नव्हती, त्यांना टिकवण्यासाठी मालक रोजचा रोज पगार देऊ लागले. ज्यांना गाव होते ते गावी गेले. शहरात चाळीस-पन्नास वर्षे गिरण्या चालल्या तरी संकटात माणसाला गावाकडचीच वाट आठवली. आम्हीही २०२० च्या साथीत तेच पाहिले. आमच्या आळीतून रात्री टेम्पो भरून माणसे गेली.

लोखंडे गेले नाहीत. आजाऱ्यांची सोय व्हावी म्हणून त्यांनी मराठा हॉस्पिटल उभारले आणि स्वतः रोग्यांमध्ये वावरत राहिले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले आणि १८९७ च्या ९ फेब्रुवारीला ते गेले. वय पन्नाशीच्या आतच. सुमारे एका महिन्याने, १० मार्चला, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याही त्याच रोगाने गेल्या. जोतीराव १८९० च्या नोव्हेंबरातच वारले होते. रविवार मिळाल्याची बातमी तेवढी त्यांच्या हयातीत झाली.

२००५ साली भारत सरकारने लोखंडे यांचे टपाल तिकीट काढले. परळला कामगारविषयक शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेलाही त्यांचे नाव आहे. गिरण्यांची धुराडी मात्र आता बहुतेक पडली आणि त्या जागी काचेच्या इमारती झाल्या.

हा लेख पुरा झाल्यावर मी तो सासऱ्यांना वाचून दाखविला. इतकी वर्षे गिरणीत काढूनही लोखंडे हे नाव त्यांच्या कानावर आले नव्हते. त्यांचा पगार दर महिन्याच्या १० तारखेच्या आत होत असे, तो कायदा १९३६ चा, म्हणजे परळच्या सभेनंतर बावन्न वर्षांनी झालेला. १५ तारखेच्या मागणीचा जो भाग वर आला आहे तो त्यांनी मला पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि मग चष्मा काढून कितीतरी वेळ गप्प बसून राहिले.